चाळीस ॲम्प, एकही गाणं नाही

तुम्ही इलेक्ट्रिक गिटार घेतलीत. अभिनंदन. कदाचित स्वतःसाठी घेतली असेल, कॉलेजात राहून गेलेली हौस चाळिशी उलटल्यावर पुरी करायला. कदाचित आठवीतल्या लेकीसाठी असेल. गिटार आली, कोपऱ्यात स्टँडवर उभी राहिली आणि त्यानंतरचे तीन आठवडे तुम्ही ती वाजवण्याऐवजी एकाच प्रश्नाचा अभ्यास करताय : प्रॅक्टिससाठी ॲम्प सिम्युलेटरचं ॲप कोणतं घ्यावं?

मी तुम्हाला ओळखतो. डिशवॉशर घेताना तुम्ही एक्सेल शीट केली होती. मिनीव्हॅन घेताना टोयोटा की होंडा यावर दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. आता तुम्ही रोज रात्री मुलं झोपल्यावर व्हिडिओ बघता. त्यात दाढीवाला एक माणूस सात ॲपांमधून एकच तुकडा वाजवून दाखवतो आणि सातही वेळा तो छानच वाजतो. मग तुम्ही मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारता, 'गाइज, एनी रेकमेंडेशन्स?' आणि नऊ जणांकडून अकरा उत्तरं येतात.

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. आयफोन, आयपॅड किंवा मॅक असेल तर गॅरेजबँड. ते फुकट आहे, बहुधा तुमच्याकडे आधीपासूनच आहे आणि त्यात गिटारचे ॲम्प आहेत. विंडोजचा लॅपटॉप असेल तर न्यूरल ॲम्प मॉडेलर. तेही फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि आवाजाच्या बाबतीत विकतच्या सॉफ्टवेअरशी टक्कर देणारं आहे. अँड्रॉइड फोन असेल तर ॲपच्या नादाला लागू नका. गिटारमध्ये थेट खोचायचा हेडफोन ॲम्प किंवा हेडफोनची सोय असलेला छोटा प्रॅक्टिस ॲम्प घ्या. झालं. दोन मिनिटं लागली.

आता भांडू या. कारण तुमचं ॲप चुकलं तर फारसं काही बिघडणार नाही. तीन आठवडे हा प्रश्न घोळवत बसण्याची जी सवय आहे, तिच्याशी माझं भांडण आहे.

आधी जरा मागे जाऊ. इलेक्ट्रिक गिटार नुसती वाजवून बघा, तारा डब्यावर ताणल्यासारखा पुळचट आवाज येतो. या वाद्याचा अर्धा भाग तुमच्या मांडीवर असतो आणि उरलेला अर्धा ॲम्पमध्ये. गंमत अशी की ज्या आवाजासाठी जग वेडं झालं, तो आवाज म्हणजे ॲम्पचा दोष होता. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की लाटेची टोकं चेपली जातात आणि आवाज खरखरीत होतो. इंजिनिअर मंडळी हा दोष घालवायला धडपडत होती आणि वादक तो मुद्दाम आणत होते. लिंक रे या वादकाने १९५८ मध्ये 'रंबल' वाजवताना ॲम्पच्या स्पीकरला भोकं पाडून खरखर मिळवली. त्या रेकॉर्डमध्ये एक शब्दही नाही, तरी ती मुलांना बिघडवेल म्हणून अमेरिकेतल्या काही रेडिओ स्टेशनांनी लावायला नकार दिला. १९६४ मध्ये इंग्लंडात किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या स्पीकरचा कागद ब्लेडने फाडला. आज तुमच्या ॲपमध्ये जी 'क्रंच' नावाची गोल बटणं दिसतात, ती अशी ब्लेड आणि भोकांतून आलेली आहेत.

मोठ्या आवाजाच्या या वाद्याचं घरात काय करायचं, हा प्रश्नही जुनाच. व्हॉल्व्हचा ५ वॉटचा ॲम्पसुद्धा पुरता उघडला की अपार्टमेंटमध्ये पोलीस येऊ शकतात, कारण वॉट आणि आवाज यांचं गणित सरळ नाही. १०० वॉटचा ॲम्प १० वॉटच्या दहापट मोठा वाजत नाही; कानाला तो साधारण दुप्पटच वाटतो. म्हणून 'लहान ॲम्प घेतला म्हणजे शेजारी सुखी' हा हिशेब फसतो.

या प्रश्नाचं एक फार सुंदर उत्तर ज्या माणसाने दिलं, तो आपल्यातलाच वाटावा असा आहे. टॉम शोल्झ. एमआयटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलेला, दिवसा पोलरॉइड कंपनीत नोकरी करणारा आणि संध्याकाळी मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन गावातल्या घराच्या तळघरात गिटार रेकॉर्ड करणारा. त्या तळघरातून १९७६ मध्ये 'बोस्टन' या बँडचा पहिला अल्बम आला आणि एकट्या अमेरिकेत त्याच्या दीड कोटीहून अधिक प्रती गेल्या. याच शोल्झने १९८२ मध्ये 'रॉकमन' काढला : कमरेला लावायचा छोटा डबा, त्यात गिटारची वायर घाला, हेडफोन लावा आणि मध्यरात्री स्टेडियममध्ये वाजवल्याचं सुख घ्या. पुढे १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या टेक २१ कंपनीचा सॅन्सॲम्प आला, १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाइन ६ कंपनीचा लाल घेवड्याच्या आकाराचा पॉड आला, आणि मग हे सगळं संगणकात आणि फोनमध्ये शिरलं.

म्हणजे सिम्युलेटर हे काही पापाचं साधन नाही. भिंती पातळ, मुलं झोपलेली, सकाळी आठला मीटिंग, अशा आयुष्यात हेडफोनवर वाजवता येणं हा उपकारच आहे. तो मी नाकारत नाही.

माझा पहिला आक्षेप असा की प्रॅक्टिससाठी आपण नेमकं उलट निकषावर ॲप निवडतो. आपण विचारतो, 'कशात आवाज सगळ्यात भारी येतो?' विचारायला हवं, 'कशात माझी चूक सगळ्यात स्पष्ट ऐकू येते?'

आपल्याकडे रियाजाचं एक साधन पिढ्यान्‌पिढ्या आहे : तानपुरा. आज तोही फोनमध्ये आहे आणि अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत शनिवारी सकाळी ऑनलाइन क्लासच्या आधी तो सुरू होतो. पेटीतला इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि आता ॲपमधला तानपुरा आपण सहज स्वीकारला, कारण त्याचं काम तेच राहिलं. तानपुरा गाणाऱ्याला सजवत नाही. तो एक सरळ रेघ आखून देतो आणि तुमचा सूर त्या रेघेपासून किती हलला हे निर्दयपणे दाखवतो. कोणत्याही गुरूने शिष्याला 'रियाजाला जरा एको लावून बस, छान वाटेल' असं सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

गिटारच्या ॲपमधले पहिले पाच प्रीसेट काय करतात बघा. डिस्टॉर्शन जास्त ठेवलं की लाट चेपली जाते, म्हणून हळू मारलेली तार आणि जोरात मारलेली तार जवळजवळ सारखीच ऐकू येते. उजव्या हाताचं वजन सांभाळायला शिकायचं होतं, ते शिकण्याची गरजच तुम्हाला कळत नाही. रिव्हर्ब लावला की दोन स्वरांमधली फट भरून निघते. कॉर्ड बदलताना बोटं अर्धा क्षण उशिरा पोचली हे झाकलं जातं. डिले लावला की लय जराशी डळमळली तरी मागून येणारे प्रतिध्वनी ती सांभाळून घेतात. हे तिन्ही कार्यक्रमात शोभतात. पण रियाजाच्या खोलीत आरसा हवा, मेकअपची पेटी नको.

इथे एक प्रामाणिक अपवाद नोंदवतो, नाहीतर मेटल वाजवणारी तुमची लेक मला फाडून खाईल आणि ते योग्यच होईल. खूप डिस्टॉर्शनमध्ये नको असलेल्या तारांची कुरकुर मोठी होऊन ऐकू येते. त्या तारा तळहाताने आणि बोटांनी गप्प करणं ही मोठी कला आहे आणि ती डिस्टॉर्शन लावूनच शिकावी लागते. म्हणून नियम असा करा : तुकडा आधी कोरड्या, स्वच्छ आवाजात बसवा, मग हवं तर राक्षस सोडा. दोन्हीकडे नीट वाजला तर तो आला.

दुसरा आक्षेप भरपूर निवड असण्याबद्दल आहे, आणि त्यासाठी स्वतःची फजिती सांगतो. मी एका ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं. नाव सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हती. त्यात चाळीस ॲम्प होते. रोज रात्री साडेनऊला मी गिटार घेऊन बसायचो. आधी साठच्या दशकातला इंग्लिश ॲम्प लावायचा, मग त्याचा स्पीकर बदलायचा, मग माइक चार बोटं लांब सरकवायचा, मग दुसऱ्याच कुणी बनवलेला प्रीसेट उतरवून घ्यायचा. सव्वादहाला आवाज अगदी मनासारखा जमायचा. साडेदहाला झोप यायची. हे मी वर्षभर केलं आणि त्याला प्रॅक्टिस म्हणत राहिलो.

मग कोजागिरीला एडिसनमधल्या एका मित्राकडे जमलो होतो. मागच्या डेकवर हुडहुडी भरली होती, मसाला दुधाचे पेले फिरत होते. कुणीतरी अरुण दात्यांचं एक भावगीत सुरू केलं आणि यजमानाने घरातली जुनी अकूस्टिक गिटार माझ्या हातात दिली. 'अरे, तू शिकतोयस ना? दे की साथ!' त्या गिटारला बटण नव्हतं. चार साध्या कॉर्ड लागणार होत्या, त्यातल्या तीन मला यायच्या, आणि एकीवरून दुसरीवर जाताना गाणारी वहिनी माझ्यासाठी थांबत होती. दुसऱ्या कडव्याला तिने थांबणं सोडलं. मी गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि टाळ्या वाजवू लागलो. चाळीस ॲम्प होते माझ्याकडे. गाणं एकही नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हा तुझा आळस, त्यात ॲपचा काय दोष? बरोबर आहे. पण आळसाला अभ्यासाचा वेष मिळाला की तो ओळखू येत नाही. आपण इथे जी नोकरी करतो, त्यात पर्यायांची तुलना करणं हेच काम असतं आणि त्याचे पैसे मिळतात. ती सवय घरी घेऊन येतो. तुलना करताना डोकं चालतं, शिकताना अब्रू जाते. पंचेचाळिसाव्या वर्षी 'एफ' कॉर्ड पकडताना बोट दुखतं आणि आवाज फुटका येतो. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन काहीतरी नीट करता येणं हा फार मोठा दिलासा असतो. म्हणून सांगतो, तुमची ॲपची यादी जितकी लांब, तितकी तुमची भीती मोठी. माझी तरी होती.

पैशाचाही हिशेब करा. महिना दहा डॉलर म्हणजे काही नाही, असं वाटतं. वर्षाचे एकशेवीस, तीन वर्षांचे तीनशेसाठ, आणि तिसऱ्या वर्षाअखेर हातात काहीच राहत नाही. पैसे थांबले की ॲम्पही गेले. एवढ्यात एक साधा, चांगला प्रॅक्टिस ॲम्प येतो आणि तुमच्या नंतरही कुणीतरी तो वाजवू शकतं. किंवा तेवढ्याच पैशात एखाद्या शिक्षकाकडे थोडे तास मिळतात. शिक्षक तुमचं मनगट सरळ करेल. ते अजून कुठल्या प्रीसेटला जमत नाही.

ॲपपेक्षा ज्या गोष्टींनी खरोखर फरक पडतो, त्या मात्र कुणी विचारत नाही, म्हणून त्या इथे सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट उशीर. तार छेडल्यापासून आवाज कानात येईपर्यंत जो वेळ जातो, त्याला लेटन्सी म्हणतात. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ॲम्पपासून साडेतीन मीटरवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून वाजवल्यासारखं, ते चालतं. पण ब्लूटूथ हेडफोन लावला की दीडशे मिलिसेकंदसुद्धा जाऊ शकतात. म्हणजे ॲम्प पन्नास मीटरवर, जवळपास अर्धं फुटबॉलचं मैदान ओलांडून! अशा उशिरात लय शिकणं म्हणजे बुटांऐवजी होड्या घालून नाच शिकणं. मूल 'मला ताल जमत नाही' म्हणत असेल तर आधी हेडफोन बघा. वायरचा हेडफोन लावा. ॲपच्या सेटिंगमध्ये 'बफर' असतो, तो १२८ वर ठेवून बघा. ४८ किलोहर्ट्‌झला त्याचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत असतो. आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा तो धरला तरी एकूण हिशेब आटोक्यात राहतो. आवाज तडतडायला लागला तर २५६ करा.

दुसरी गोष्ट म्हणजे गिटार आणि फोन यांच्यामधला डबा, ऑडिओ इंटरफेस. आयफोनचं हेडफोनचं भोक २०१६ मध्येच गेलं, त्यामुळे जुन्या वायरी चालत नाहीत. इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट' असं लिहिलेलं बटण असेल तर ते दाबलेलं हवं, नाहीतर गिटारचा सिग्नल आतच मलूल होतो आणि तुम्ही वर्षभर ॲपला दोष देत बसता. जोरात वाजवून बघा. लाल दिवा लागला तर इनपुट कमी करा. ॲप बदलून जो फरक पडत नाही, तो या एका बटणाने पडतो.

तिसरी गोष्ट कान. इथल्या नायॉश या सरकारी संस्थेने कामाच्या जागेसाठी घालून दिलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. हेडफोनमध्ये स्टेडियम वाजवण्याचं सुख घेणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराला हे कुणी सांगितलेलं नसतं. हेडफोन लावलेल्या मुलाला बाहेरून तुम्ही जेवायला हाक मारली आणि हेडफोनमधलं संगीत तुम्हाला दारात ऐकू आलं, तर तिथेच उत्तर मिळालं.

आता तिसरा आणि माझा खरा आक्षेप. त्याचा रोख पालकांकडे आहे.

तुमच्या लहानपणी, डोंबिवलीच्या चाळीत म्हणा किंवा पुण्याच्या वाड्यात, कुणाच्या ना कुणाच्या घरी पेटी वाजायची. रोज संध्याकाळी तोच अलंकार, त्याच जागी तीच चूक. सगळ्या मजल्याला तो अलंकार पाठ. कटकट व्हायची, खरं आहे. पण तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी ती चूक झाली नाही, की जिन्यात भाजी निवडणाऱ्या काकूंनाही कळायचं. शिकणाऱ्याला न मागता श्रोते मिळायचे. आणि घराला कळायचं की हे पोर काहीतरी करतंय.

आता तुमचं घर बघा. साडेतीन हजार स्क्वेअर फूट, खाली फिनिश्ड बेसमेंट. मुलगा खाली आहे, कानावर हेडफोन, समोर आयपॅड. वर तुम्हाला काय ऐकू येतं? प्लास्टिकच्या पिकची तारांवर टक टक. बस. मी माझ्या मुलाला विचारलं होतं, 'काय वाजवतोस रे सध्या?' तो म्हणाला, 'स्टफ.' तीन महिने तो रोज तासभर वाजवत होता आणि बापाला गाण्याचं नाव माहीत नव्हतं. मी गिटार घेऊन दिली, इंटरफेस घेऊन दिला, सबस्क्रिप्शन भरलं, सगळी कर्तव्यं पार पाडली. फक्त ऐकलं नाही. ऐकण्याची सोयच मी पैसे देऊन काढून टाकली होती.

हा मुद्दा गिटारपुरता नाही, पण गिटारमध्ये तो उघडा पडतो. आपण इथे मराठी टिकवायच्या गप्पा मारतो, मंडळात गणपतीला मुलांना स्टेजवर उभं करतो. गाणी ट्रॅकवर, मोठे कलाकार भारतातून बोलावलेले, आणि गावातल्या तळघरांमध्ये दहा-बारा मुलं रोज गिटार वाजवणारी, जी एकमेकांनाही ठाऊक नाहीत. कारण कुणी कुणाचं ऐकलेलंच नाही. मग ती कॉलेजला जातात आणि आपण म्हणतो, मुलं आपल्यापासून तुटली. हेडफोन त्यांनी लावला हे खरं, पण विकत आपणच आणला होता.

आमच्या घरी मग एक नियम केला. दिवसभर हवा तेवढा हेडफोन. रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं मात्र दिवाणखान्यात, लहान ॲम्पवर, सगळ्यांसमोर. चूक झाली तरी चालेल, तोच तुकडा वीस वेळा झाला तरी चालेल. पहिला आठवडा भयंकर गेला. त्याला लाज वाटली, मला ते ऐकवेना. नेमक्या तेव्हा सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना गिटारमधलं काही कळत नाही. चौथ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, 'अरे, परत तिथेच अडखळलास बघ.' पोरगं चिडलं. 'आजी, इट्स सपोज्ड टू बी लाइक दॅट!' त्या म्हणाल्या, 'असू दे. पण काल तिथे थांबला नव्हतास.' त्याने पुन्हा वाजवलं. मग जरा हळू करून पुन्हा वाजवलं. आजी बरोबर होत्या. चाळीस ॲम्पवाल्या ॲपने जे त्याला सांगितलं नव्हतं, ते कणकेच्या हातांनी सांगितलं.

याच पंधरा मिनिटांत मीही माझ्या चार कॉर्ड वाजवतो. मुलगा डोळे फिरवतो. ठीक आहे.

आता तुमचा आक्षेप मला ऐकू येतोय : 'प्रत्येक पिढीत तुमच्यासारखा एक म्हातारा असतोच. नवीन साधन आलं की नाक मुरडायचं.' या आक्षेपाला मी मान देतो, कारण आपल्या संगीतात त्याची मोठी साक्ष आहे. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनिअमवर बंदी घातली. हे परदेशी वाद्य, त्याच्या पट्ट्या कायमच्या बांधलेल्या, त्यावर मींड येत नाही, आपल्या श्रुती त्यात बसत नाहीत, अशी कारणं होती आणि ती तांत्रिकदृष्ट्या खोटी नव्हती. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. तोवर महाराष्ट्रात काय झालं? पेटी प्रत्येक कीर्तनात, प्रत्येक भजनात, प्रत्येक नाटकात वाजतच राहिली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली. पु. ल. देशपांड्यांची पेटी ज्यांनी ऐकली ते ती विसरले नाहीत. शुद्धतावाले हरले आणि बरं झालं हरले.

पण पेटी का जिंकली ते नीट बघा. ती ओसरीवर ठेवता यायची, एकाने वाजवली तर दहा जणांना गाता यायचं, आणि चुकली तर अख्ख्या आळीला कळायचं. ती माणसं गोळा करणारी सोय होती. मला सोयीचं वावडं नाही. जी सोय एका माणसाला एका खोलीत बंद करते आणि त्यालाच प्रगती म्हणवते, तिच्याकडे मी संशयाने बघतो. ॲप पेटीसारखं वापरा, मी पहिला टाळी देईन. त्यातला आवाज स्पीकरवर घ्या, बहीण गात असेल तर तिच्या पट्टीला कॅपो लावा, बाबांना ठेका धरायला सांगा. शोल्झचं तळघरसुद्धा शेवटी बाहेर आलं म्हणून आपण त्याचं नाव घेतो.

तर, करायचं काय? ॲप एकच ठेवा, बाकीची आज पुसून टाका. त्यात एक स्वच्छ आवाज लावा, रिव्हर्ब शून्य, आणि महिनाभर त्याला हात लावू नका. मेट्रोनोम सुरू करा. तो फुकट आहे आणि तो स्तुती करत नाही. आठवड्यातून एकदा फोनवर स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि पूर्ण ऐका, मध्ये थांबवू नका. एक गाणं निवडा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, नुसता गाजलेला तुकडा नव्हे. आणि रोज पंधरा मिनिटं घराला ऐकू येईल असं वाजवा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर संध्याकाळी सातला, टीव्हीच्या आवाजात वाजवा. शेजारी तुमचा टीव्ही सहन करतात, ही गिटारही करतील.

महिन्यानंतर खरंच वाटलं की या ॲपमध्ये आपल्याला हवा तो आवाज नाही, तर नवीन घ्या. तेव्हा तुम्हाला नेमकं काय कमी पडतंय ते सांगता येईल, कारण ते तुमच्या कानांनी सांगितलेलं असेल. आज तुम्हाला सांगता येत नाही, म्हणून तर तुम्ही नऊ जणांना विचारताय.

कोजागिरी दर वर्षी येते. कुणीतरी आटवलेलं दूध आणेल, कुणीतरी गाणं सुरू करेल आणि कुणीतरी घरातली जुनी गिटार तुमच्या हातात देईल. तिला बटणं नसतील. चार कॉर्ड तेवढ्या तयार ठेवा. मी या वर्षी वहिनीला सांगून ठेवलंय, दुसऱ्या कडव्यालाही माझ्यासाठी थांबू नका.